रक्तदाब सावरला, तरी आतडं का बिघडतं? सेप्सिस आणि आतड्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या

प्रश्न असा आहे: न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडण्याची स्थिती) झालेल्या रुग्णाला सलाइन दिलं, औषधांनी रक्तदाब जागेवर आणला, ऑक्सिजनही ठीक आहे. तरी दोन-तीन दिवसांत पोट फुगतं, नाकातल्या नळीतून दिलेलं अन्न पुढे सरकत नाही, कधी शौचातून रक्तही जातं. संसर्ग फुप्फुसात, मग आतड्याचं काय बिनसलं? आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना नेमकी कशी इजा होते?

एका वाक्यात सांगायचं तर आतड्याकडे जाणारं एकूण रक्त बऱ्याचदा पुरेसं असतं, बिघडते ती त्याची वाटणी. कालवा भरून वाहत असावा आणि शेवटच्या काही शेतांना पाणीच मिळू नये, तर काहींतून ते नुसतं वाहून जावं, तसं. मोठी धमनी मोकळी असते, दाब ठीक असतो, पण अखेरच्या मिलीमीटरभर अंतरात काही केशवाहिन्या धो धो वाहतात आणि त्यांच्या शेजारच्या काही बंद पडलेल्या असतात. मॉनिटरवरचा आकडा मोठ्या धमनीतला आहे. या शेवटच्या मिलीमीटरबद्दल तो काहीच सांगत नाही.

असं आतड्यातच इतक्या ठळकपणे का होतं, हे कळायला त्याची रचना बघावी लागते. लहान आतड्याचं आतलं अस्तर सपाट नसतं. त्यावर बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. एकेक व्हिलस जेमतेम अर्धा ते एक मिलीमीटर उंच. त्याच्या मधून एक बारीक धमनिका सरळ टोकापर्यंत चढते, तिथे तिला केशवाहिन्यांचं जाळं फुटतं आणि ते रक्त जवळच्याच नीलिकेतून, म्हणजे बारीक शिरेतून, खाली उतरतं. चढणारी आणि उतरणारी वाहिनी एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की थोडा ऑक्सिजन टोकाला पोचायच्या आधीच वाटेत निसटून उतरत्या रक्तात शिरतो. त्यामुळे धडधाकट माणसातही व्हिलसचं टोक बुडापेक्षा कमी ऑक्सिजनवर भागवत असतं. रक्ताचा वेग चांगला असतो तोवर ही गळती खपून जाते. वेग मंदावला की रक्त त्या समांतर वाटेवर रेंगाळतं, गळती वाढते आणि टोकाच्या पेशी सर्वांत आधी उपाशी राहतात. आतड्याच्या इजेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सुरुवातीला टोकाचंच अस्तर सुटलेलं दिसतं, ते यामुळे. दुसऱ्या बाजूने मदत मिळण्याचीही सोय नाही, कारण आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळपास नसतोच.

विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. आतड्याच्या वाट्याला जे येतं त्यातलं 70 ते 80 टक्के अस्तराला मिळतं. म्हणजे हा मोठा वाटेकरी आहे, आणि शरीरावर संकट आलं की पहिली कात्री याच वाट्याला लागते. मेंदू आणि हृदय जगवण्यासाठी अँजिओटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन आणि ॲड्रेनलिनच्या कुळातली संप्रेरकं पोटातल्या धमनिका आवळतात. आतड्याच्या धमनिका पहिल्या दोन संप्रेरकांना विशेष जोरात प्रतिसाद देतात. हा जुना, उपयोगी बचाव आहे. रक्तस्राव झाल्यावर काही तास तो जीव वाचवतो. सेप्सिसमध्ये मात्र तो दिवसेंदिवस चालू राहतो, वर आम्ही बाहेरून तीच औषधं देतो.

इथपर्यंत आतड्याच्या वाहिन्यांना इजा झालेली नाही, फक्त त्या आवळल्या आहेत. खरी इजा वाहिनीच्या आतल्या अस्तराला होते. एंडोथेलियम नावाचा हा एका पेशीच्या जाडीचा थर आहे आणि त्याच्या रक्ताकडच्या अंगावर साखरेच्या साखळ्या आणि प्रथिनांची एक मऊ लव असते, ग्लायकोकॅलिक्स. सेप्सिस समजून घ्यायचा असेल तर या लवेपाशी थोडं थांबायला हवं, कारण बाकीची पडझड बरीचशी तिच्या जाण्यानेच सुरू होते. ही लव चार कामं करते: पाणी आणि अल्ब्युमिन आत धरून ठेवते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सना भिंतीपासून लांब ठेवते, अँटिथ्रॉम्बिनसारखी गुठळीविरोधी प्रथिनं आपल्यावर बसवून घेते, आणि वाहत्या रक्ताचा घर्षणदाब पेशीला ‘ऐकवते’, ज्यावरून पेशी नायट्रिक ऑक्साइड किती सोडायचा ते ठरवते. जंतूंचे घटक आणि त्यांना उत्तर म्हणून बाहेर पडलेली टीएनएफ, इंटरल्युकिन-1 ही दाह पेटवणारी रसायनं हेपरनेज आणि मेटॅलोप्रोटिनेज जातीची विकरं (एन्झाइम्स) कामाला लावतात, आणि ती विकरं ही लव कापून टाकतात. तिचे तुकडे, उदाहरणार्थ सिंडेकन-1, रक्तात तरंगताना मोजता येतात आणि आजार जितका गंभीर तितकं त्यांचं प्रमाण सहसा जास्त सापडतं. हे सगळं शरीरभर होतं, फुप्फुसात आणि मूत्रपिंडातही. संसर्ग कुठे आहे याला इथे फारसं महत्त्व उरत नाही, कारण रसायनं रक्तातूनच फिरत असतात. तुमच्या प्रश्नातल्या ‘संसर्ग फुप्फुसात, मग आतडं का’ याचं उत्तर इतकंच आहे.

लव गेली की भिंत गळू लागते. एंडोथेलियमच्या पेशी व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. निरोगी अवस्थेत अँजिओपोएटिन-1 हे प्रथिन त्यांना शांत ठेवतं. सेप्सिसमध्ये पेशी आपल्या साठ्यातून अँजिओपोएटिन-2 सोडतात, ते आधीच्याच्या उलट वागतं, कॅडहेरिन पेशीच्या आत ओढलं जातं आणि सांधे उघडतात. आतड्यातल्या केशवाहिन्या मुळातच सच्छिद्र असतात, अन्नरस उचलायचा असतो म्हणून. तिथे गळती वाढली की आतड्याची भिंत पाण्याने सुजते. सुजेचे दोन तोटे: केशवाहिनीपासून पेशीपर्यंतचं अंतर वाढतं, आणि सुजलेल्या भिंतीचा दाब त्याच बारीक वाहिन्यांवर बाहेरून पडतो.

त्याच वेळी भिंत चिकटही होते. सिलेक्टिन आणि आयकॅम-1 हे चिकट रेणू पृष्ठभागावर येतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात, मुख्यतः नीलिकांमध्ये. काही न्यूट्रोफिल आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ती जंतूंना अडकवण्यासाठी असतात, पण त्यांत प्लेटलेट्सही अडकतात. एंडोथेलियम एरवी गुठळी होऊ देत नाही. आता ते गुठळी सुरू करणाऱ्या टिश्यू फॅक्टरला वाव देतं, थ्रॉम्बोमोड्युलिन गमावतं, त्यामुळे गुठळी रोखणारं प्रोटीन-सी सक्रिय होत नाही, आणि पीएआय-1 हे प्रथिन वाढल्याने झालेली गुठळी विरघळतही नाही. सूक्ष्म गुठळ्या जमतात. भरीला तांबड्या पेशी ताठर होतात. सात-आठ मायक्रॉन व्यासाची पेशी पाच-सहा मायक्रॉनच्या केशवाहिनीतून जाते ती केवळ वाकता येतं म्हणून. वाकणं संपलं की ती तोंडाशीच अडते.

गुठळ्यांचं चित्र डोळ्यांपुढे लगेच उभं राहतं, म्हणून सगळा दोष त्यांच्यावर ढकलण्याचा मोह होतो. माझ्या मते नायट्रिक ऑक्साइडचा गोंधळ त्याहून मोठा आहे. निरोगी वाहिनी हा वायू गरजेनुसार, जागच्या जागी, चिमूटभर सोडते आणि कुठल्या केशवाहिनीत रक्त सोडायचं ते ठरतं. सेप्सिसमध्ये एका बाजूला दाहामुळे जागं होणारं विकर तो भरमसाट तयार करतं, म्हणून मोठ्या वाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. दुसऱ्या बाजूला एंडोथेलियमचं स्वतःचं विकर बिघडतं. त्याला लागणारं टेट्राहायड्रोबायोप्टेरिन ऑक्सिडेशनने संपतं, आणि ते विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा घातक रेणू बनवू लागतं. दोन्ही एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतो आणि पेशी आतून होरपळते. भरमसाट बनवणारं विकरही सगळीकडे सारखं जागं होत नाही. जिथे होतं तिथल्या वाहिन्या सताड उघड्या, जिथे नाही तिथल्या आवळलेल्या. वाटणी बिघडते ती इथे. उघड्या वाटेने रक्त पेशींना ऑक्सिजन न देताच शिरेत परत जातं, आणि म्हणूनच शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजन समाधानकारक दिसत असताना ऊतक उपाशी असू शकतं.

हा केवळ तर्क नाही. जिभेखालच्या केशवाहिन्या रुग्णाच्या खाटेशेजारी कॅमेऱ्याने बघता येतात. 2002 साली ब्रसेल्समधल्या डॅनियल दे बाकर आणि सहकाऱ्यांनी सेप्सिसच्या रुग्णांत तसं पाहिलं, तेव्हा रक्त वाहत असलेल्या बारीक वाहिन्यांचं प्रमाण स्पष्ट घटलेलं होतं, आणि जगले त्यांच्यापेक्षा दगावलेल्यांत ते अधिक घटलेलं होतं. त्याच अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्वचितच सांगितली जाते: जिभेखाली ॲसिटिलकोलीन या वाहिन्या सैल करणाऱ्या रसायनाचे थेंब टाकल्यावर त्या बंद वाहिन्या पुन्हा वाहू लागल्या. म्हणजे त्या काळी तरी त्या गुठळ्यांनी कायमच्या बुजलेल्या नव्हत्या, त्यांचं नियंत्रण हरवलं होतं.

जिभेवरून आतड्याचा अंदाज बांधता येतो का? जपून. पोटातल्या सेप्सिससाठी शस्त्रक्रिया होऊन नवा स्टोमा (पोटावर उघडलेलं आतड्याचं तोंड) केलेल्या रुग्णांत आतडं थेट दिसतं. 2007 च्या एका डच अभ्यासात अशा रुग्णांची जीभ आणि स्टोमा एकाच वेळी पाहिले गेले. पहिल्या दिवशी दोहोंचा मेळ नव्हता, तिसऱ्या दिवशी तो बसला. सुरुवातीच्या तासांत जीभ छान दिसते म्हणून आतडंही छान असेल, असं धरून चालता येत नाही.

चित्राला आणखी एक पदर आहे. प्राण्यांना एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) देऊन रक्तप्रवाह टिकवून ठेवला, तरी आतड्याचं अस्तर आम्लधर्मी होतं, सरासरी ऑक्सिजन ठीक असतानाही. याचा एक अर्थ सरासरीच फसवी आहे, कारण उपाशी ठिपके तिच्यात लपतात. दुसरा अर्थ असा की ऑक्सिजन पोचूनही पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, तो वापरू शकत नाहीत. मला दोन्ही खरे वाटतात: आधी वाटणी बिघडते, आणि ते लांबलं की पेशी मिळालेलंही वापरेनाशी होते. नुसता प्रवाह वाढवण्याचे उपाय उशिरा निष्फळ का ठरतात, तेही यातून समजतं.

आता अस्तराचं काय होतं ते. आतड्याच्या पेशी अवघ्या तीन ते पाच दिवसांत बदलत असतात, त्यासाठी सतत ऊर्जा लागते. पुरवठा तुटक झाला की टोकाच्या पेशी गळतात, सांधे सैल होतात, श्लेष्माचा थर विरळ होतो. प्रवाह परत आला की झान्थिन ऑक्सिडेज नावाचं विकर साठलेल्या हायपोझान्थिनपासून मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार करतं आणि दुसरा घाव बसतो. सेप्सिसमध्ये ठिपक्याठिपक्यांनी हे बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं चालूच असतं. पेशींच्या थरामागे रक्तवाहिन्यांचा स्वतःचाही एक अडसर असतो. 2015 मध्ये मारिया रेशिन्यो यांच्या मिलानमधल्या गटाने उंदरांत दाखवलं की साल्मोनेला हा अडसर मोडते आणि मग जंतूंना यकृताची वाट मोकळी होते.

आतड्यातले जंतू रक्तात शिरून बाकीचे अवयव निकामी करतात, ही कल्पना लोकप्रिय आहे. 1986 मध्ये मीकिन्स आणि मार्शल यांनी आतड्याला बहुअवयव निकामीपणाची मोटर म्हटलं होतं. पण रुग्णांच्या रक्तात आतड्यातले जंतू दर वेळी सापडत नाहीत. नंतर प्राण्यांमध्ये आतड्याकडून येणारी लसिकावाहिनी (लिंफ वाहून नेणारी नळी) बांधल्यावर फुप्फुसाची इजा कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे जंतूंपेक्षा इजा झालेल्या आतड्याने लसिकेत सोडलेले पदार्थ जास्त उपद्रवी असावेत, आणि लसिका यकृताला वळसा घालून थेट फुप्फुसाकडे जाते. ‘लीकी गट’ या नावाने बाहेर जे काही विकलं जातं त्याचा या प्रक्रियेशी संबंध नाही, हेही जाता जाता सांगतो.

उपचारांकडे येऊ. इतके रेणू माहीत झाल्यावर एकेकाला अडवणारं औषध का नाही? प्रयत्न झाले. नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरं सरसकट बंद करणाऱ्या औषधाने रक्तदाब वाढला, पण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी 59 टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी 49 टक्के. चांगला आणि वाईट नायट्रिक ऑक्साइड एकदमच बंद झाला. सक्रिय प्रोटीन-सीने 2001 मध्ये आशा दाखवली, पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि 2011 मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. ग्लायकोकॅलिक्स परत उगवणारं सिद्ध औषध आज आपल्याकडे नाही.

म्हणून उपचाराचा कणा साधाच आहे: योग्य अँटिबायोटिक लवकर, शॉक असेल तर तासाभरात, आणि पू असेल तर त्याचा निचरा, आतडं फुटलं असेल तर शस्त्रक्रिया. रसायनांचा उगम बंद झाल्याशिवाय लव परत येत नाही, आणि उगम बंद झाल्यावरही तिला दिवस लागतात.

सलाइनबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. पहिल्या तीन तासांत किलोमागे 30 मिलीलिटर हे सुरुवातीचं माप आहे, रोज पाळायचं व्रत नव्हे. गळक्या भिंतीतून त्यातलं बरंचसं आतड्याच्या भिंतीत जातं. पोटातला दाब 12 मिमी पाऱ्यापुढे सतत राहू लागला की त्याला उच्चदाब म्हणतात. 20 च्या वर गेला आणि नवा अवयव बिघडू लागला तर ती तातडीची स्थिती आहे. सरासरी रक्तदाब 65 आणि पोटातला दाब 20 असेल तर आतड्याला ढकलणारा दाब 45 च उरतो. मूत्राशयातल्या नळीतून हा दाब मोजायला काही मिनिटं लागतात. पोट ताठ झालेल्या रुग्णात तो मोजलेलाच नसतो, हे मी वारंवार पाहतो आणि त्याचा त्रागा होतो.

सरासरी रक्तदाबाचं लक्ष्य 65 ठेवणं बहुतेकांना पुरतं. 2014 च्या फ्रेंच चाचणीत ते 80 ते 85 पर्यंत नेल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. औषध वाढवून आकडा सुंदर दिसतो, पण त्यासाठी आतड्याच्या धमनिका आवळलेल्या असू शकतात. रक्तदाब वाढवण्यासाठी नॉरॲड्रेनलिन पहिलं. जोडीला व्हॅसोप्रेसिन मिनिटाला 0.03 युनिटच्या आसपास चालतं, पण ते चढवत नेणं म्हणजे आतड्याचा गळा आवळणं. नखावर किंवा बोटाच्या टोकावर दाबून रंग परतायला किती सेकंद लागतात ते बघा. तीनपेक्षा जास्त लागत असतील तर रक्तदाबावर समाधान मानू नका. ही चाचणी आतड्याची नाही, तरी मोठ्या धमनीच्या आकड्यापेक्षा आपल्या प्रश्नाच्या जवळची आहे.

अन्न कधी सुरू करायचं? आतड्यात अन्न गेलं की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि अस्तर टिकतं, म्हणून नळीने देणं चांगलं, हे खरं. पण अन्न पचवायला ऑक्सिजनही जास्त लागतो, आणि वाटणी बिघडलेली असताना मागणी वाढवणं महागात पडू शकतं. 2018 च्या न्यूट्रिरिया-2 चाचणीत व्हेंटिलेटर आणि रक्तदाब वाढवणारी औषधं लागणाऱ्या 2410 रुग्णांना पहिल्यापासून पूर्ण आहार एकतर नळीतून किंवा शिरेतून दिला. मृत्यूंत फरक पडला नाही, पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार नळीच्या गटात 19 आणि शिरेच्या गटात 5 झाले. आकडे लहान आहेत, पण घटना जीवघेणी आहे. मी यातून घेतलेला धडा: रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा डोस चढता असेल तर थांबा. डोस स्थिर किंवा उतरता असेल तर ताशी 10 ते 20 मिलीलिटरने सुरुवात करा आणि पोटाकडे लक्ष ठेवून वाढवा.

राहिला धोक्याचा भाग. रक्तातलं लॅक्टेट (ऊतक उपाशी राहिल्यावर वाढणारा पदार्थ) उतरून पुन्हा चढू लागलं, पोट ताठ झालं, नळीतून बरंच परत येऊ लागलं किंवा औषधाची गरज अचानक वाढली, तर ‘सेप्सिसमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. लॅक्टेट ॲड्रेनलिनमुळेही चढतं आणि यकृत थकल्यानेही, त्यामुळे एकट्या आकड्यावर निर्णय नको. उलट ते सर्वसाधारण असलं म्हणून आतडं सुरक्षित, असंही नाही, कारण मर्यादित भागातली इजा ते वाढवेलच असं नाही. अशा वेळी शिरेतून रंगद्रव्य (कॉन्ट्रास्ट) देऊन सीटी करा. मूत्रपिंडाच्या काळजीने तो पुढे ढकलला जातो, पण मेलेलं आतडं पोटात राहिलं तर मूत्रपिंडही वाचत नाही. सीटीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या तरी निश्चिंत होऊ नका, कारण बिघाड त्यांच्या पुढे आहे. भिंत रंगद्रव्य घेते का, भिंतीत हवा आहे का, यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत हवा आहे का, ते बघा आणि शल्यचिकित्सकाला अहवाल येण्याची वाट न बघता खाटेपाशी बोलवा.